४२४ पक्षी आणि तीन रक्तचाचण्या: जिंतूर तालुक्यातलं पांढऱ्या हगवणीचं प्रकरण

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जिंतूर तालुक्यातल्या एका छोट्या हॅचरीकडे तीन गावांतून एकच तक्रार आली. एक दिवसाची पिल्लं नेली तेव्हा टुणटुणीत होती. चौथ्या-पाचव्या दिवसापासून बल्बखाली गोळा होऊन बसतात, पंख सोडतात, बुडाला खडूसारखी पांढरी विष्ठा चिकटते, आणि दुसऱ्या आठवड्यात मरतुक वाढतच जाते. हॅचरी एका ताईंची. घरामागे दोन शेड, त्यात सुधारित गावरान जातीच्या ३८६ कोंबड्या आणि ३८ कोंबडे, सगळे ३२ आठवड्यांचे. उबवणीचं मशीन जुन्या गोठ्यात. गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या बचत गटांतल्या बाया, पंचवीस-पन्नास पिल्लं नेणाऱ्या. तोंडओळखीवर चालणारा धंदा, त्यामुळे तक्रारही थेट दारात.

हे प्रकरण शिकवण्यासाठी बांधलेलं आहे. माणसं आणि कळपातले आकडे जुळवलेले आहेत. रोग आणि चाचण्या जशा वागतात तशाच इथे दाखवल्या आहेत.

पहिला संशय थंडीवर गेला, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. परभणीची थंडी दर हिवाळ्यात बातमीत येते. रात्री लाइट गेली की ब्रूडर गार पडतो, पिल्लं एकमेकांवर चढतात, सकाळी पाच-सात दबून मेलेली सापडतात. गारठलेल्या पिल्लाचं बूडही भरतं. पण तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांना दोन गोष्टी खटकल्या. तीन गावांतली सोय तीन तऱ्हेची होती: एकीकडे नीट ब्रूडर, दुसरीकडे नुसता बल्ब, तिसरीकडे चुलीशेजारी टोपली. तरी मरतुक सारखीच. दुसरं म्हणजे ताईंच्या वहीत गेल्या दोन हॅचमध्ये कवचातच मेलेली पिल्लं जास्त लिहिलेली होती. थंडी ब्रूडरमध्ये शिरेल, मशीनमधल्या अंड्यात कशी शिरेल? तिन्ही गावांत सामाईक होतं ते अंडं, म्हणजे आई.

मेलेली आणि मरायला टेकलेली पिल्लं उघडली. पोटात पिवळा बलक तसाच, न जिरलेला, काहींत घट्ट होऊन बुरसट रंगाचा. यकृतावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके. वयाने जरा मोठ्या दोन पिल्लांच्या फुप्फुसावर आणि हृदयावर करड्या गाठी, आणि आंधळ्या आतड्यात पनीरसारखी घट्ट गुठळी. पांढऱ्या हगवणीचं, म्हणजे पुलोरमचं, हे पुस्तकी चित्र आहे. पण पुस्तकी चित्रावर कोणाचा कळप कापायला सांगता येत नाही. यकृत आणि बलकाचे नमुने बर्फाच्या डब्यात घालून परभणीला गेले. मराठवाड्यात पशुवैद्यकीय महाविद्यालयं दोन, परभणी आणि उदगीर. जिंतूरला परभणी जवळ.

जिवाणू वाढला. बारीक, संथ वाढणाऱ्या वसाहती. साल्मोनेला, आणि हालचाल न करणारा. साल्मोनेलाच्या गोतावळ्यात ही मोठी खूण आहे, कारण बहुतेक साल्मोनेलांना शेपट्या असतात आणि ते पोहतात. कोंबडीचे खास दोन, पुलोरम आणि गॅलिनॅरम, बिनशेपटीचे. पहिला पिल्लांना मारतो. दुसरा मोठ्या पक्ष्यांत टायफॉइड करतो, पिल्लांनाही सोडत नाही. दोघांत फरक करायला डल्सिटॉल साखर आणि ऑर्निथिनची चाचणी लावतात: गॅलिनॅरम डल्सिटॉल आंबवतो, पुलोरम नाही, ऑर्निथिनचं उलटं. इथला पुलोरम निघाला. ही शेपटीची गोष्ट पुढे एलायझा नावाच्या रक्तचाचणीच्या वेळी फार महत्त्वाची ठरणार आहे.

आता खरा प्रश्न सुरू झाला. पिल्लांत रोग आहे हे कळलं. पण ४२४ पैकी कोणते पक्षी तो पुढे देतात? पुलोरममधून वाचलेलं पिल्लू मोठं होऊन धडधाकट दिसतं. तुरा लाल, खाणं चोख, अंडीही देतं. जिवाणू अंडाशयात घर करून राहतो आणि अधूनमधून एखाद्या अंड्यात उतरतो. शेडमध्ये उभं राहून असा पक्षी ओळखणारा माणूस मी पाहिलेला नाही, ओळखतो म्हणणारे पुष्कळ पाहिले. विष्ठा तपासून उपयोग होत नाही, कारण जिवाणू रोज बाहेर पडत नाही. उरतं रक्त.

ताईंचं म्हणणं होतं, पिल्लांचंच रक्त तपासा की, मरतात तर ती. पण पहिल्या आठवड्यांत पिल्लाच्या रक्तात जी प्रतिपिंडं, म्हणजे जिवाणूशी लढणारी प्रथिनं, असतात ती बरीचशी आईकडून बलकातून आलेली, स्वतःची अजून तयार व्हायची असतात. त्या रक्तातून काय वाचायचं? म्हणून ही चाचणी वाढलेल्या पक्ष्यांवर, साधारण अंड्यावर येण्याच्या वयाला, करतात. ३२ आठवडे हे वय त्यासाठी उत्तम.

चाचण्या तीन समोर होत्या. पहिली, शेडमध्येच करायची थेंबाची चाचणी: ताज्या रक्ताचा थेंब आणि जांभळ्या रंगाचं अँटिजेन. दुसरी, प्रयोगशाळेतली नळीची चाचणी, सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी) पातळ करत जाऊन. तिसरी एलायझा: प्लेटवर जिवाणूचा अंश चिकटवलेला असतो, त्याला रक्तातली किती प्रतिपिंडं धरतात ते मशीन मोजतं. नळीची चाचणी १९१३ पासूनची, आणि रंगवलेल्या अँटिजेनची थेंबाची चाचणी १९३१ ची. वयाने एवढ्या म्हाताऱ्या चाचण्या अजून का वापरायच्या, असं ताईंच्या पुतण्याने विचारलं. तो पुण्याला शिकतो, सुट्टीत आलेला होता, आणि त्याने फोनवर एका खासगी प्रयोगशाळेचा ‘साल्मोनेला एलायझा’ शोधून ठेवला होता. शिवाय त्याचं म्हणणं, साठ पक्ष्यांचे नमुने पाठवले की झालं, सगळ्यांना कशाला टोचायचं.

साठाचा आकडा त्याने हवेतून काढला नव्हता. मोठ्या कळपात शंभरात पाच पक्षी बाधित असतील, तर ५९ नमुन्यांत निदान एक सापडण्याची शक्यता ९५ टक्के असते, चाचणी अचूक आहे असं धरून. शंभरात दहा असतील तर २९ पुरतात. शंभरात एकच असेल तर जवळजवळ ३०० लागतात. पण हे गणित ‘कळपात रोग आहे का’ या प्रश्नाचं आहे. त्याचं उत्तर मेलेल्या पिल्लांनी आधीच दिलं होतं. इथे हवी होती कोंबडी, नावानिशी, म्हणजे पायातल्या कड्याच्या नंबरानिशी. त्यासाठी प्रत्येक पक्ष्याला हात लावणं भाग होतं, आणि प्रत्येक पक्ष्याला परवडेल अशी चाचणी एकच होती.

रंगीत अँटिजेन म्हणजे पुलोरमचे मारलेले जिवाणू, क्रिस्टल व्हायोलेटने रंगवलेले. बरेलीजवळच्या इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ते बनवते. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, गोठवायची नाही, आणि वापरण्याआधी चांगली हलवायची, कारण जिवाणू तळाशी बसतात. बाटली न हलवता वरचं पाणी वापरलं तर अख्खा कळप निरोगी निघतो!

सकाळी शेडच्या दारात टेबल मांडलं. पांढरी टाइल, तिच्यावर पेन्सिलीने चौकोन. एक जण पक्षी धरतो, एक जण पंखाखालची पिसं बाजूला करून शीर टोचतो. वर आलेल्या रक्तातून ०.०२ मिलिचा लूप, म्हणजे तारेचा छोटा वेढा, भरायचा, तेवढ्याच अँटिजेनच्या थेंबात मिसळायचा, बोटाच्या पेराएवढा पसरायचा आणि टाइल हळूहळू झुलवायची. दोन मिनिटं. बाधित पक्ष्याचं रक्त असेल तर थेंबात जांभळे दाणे धरतात आणि दाण्यांच्या मधला भाग स्वच्छ होतो. नसेल तर थेंब सारखा गढूळ राहतो. लूप दर वेळी धुऊन पुसायचा. आळस केला तर आधीच्या कोंबडीचं रक्त पुढचीच्या नावावर जातं.

सुरुवातीला ओळखीच्या पॉझिटिव्ह सीरमचा थेंब लावला तर दाणे येईनात. टाइल गार दगड झाली होती. थंडीत प्रतिक्रिया सावकाश होते, दोन मिनिटांत दिसायची ती पाचात दिसते, आणि पाचात काहीही दिसू शकतं. टाइल एका खोक्यावर ठेवली, खोक्यात पिवळा बल्ब लावला, कोमट झाली, मग कंट्रोल सीरममध्ये पाऊण मिनिटात दाणे आले. मे महिन्यात आपल्याकडे उलटी अडचण येते: थेंबाची कड वाळते आणि वाळलेल्या कडेला दाण्यांचा भास होतो. म्हणून कंट्रोल न लावता केलेली थेंबाची चाचणी मी मोजतच नाही. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह, दोन्ही सीरम हवेत, आणि दिवसातून एकदा नाही, मधे मधेही.

दुपारपर्यंत ४२४ पक्षी झाले. स्पष्ट दाणे १७ पक्ष्यांत, त्यांत एक कोंबडा. नऊ पक्ष्यांत बारीक, उशिरा आलेले, ‘आहे म्हणावं तर नाही’ असे. बाकी ३९८ साफ.

इथे घरात वाजलं. दिरांचं म्हणणं, सतरा पक्षी ठणठणीत आहेत, गुरुवारच्या बाजारात नेऊन विकून टाकू, निदान पैसे तरी येतील. डॉक्टर म्हणाले, “भाऊ, बाजारात नेलेली कोंबडी सगळीच कापली जात नाही. कुणीतरी अंड्यासाठी घेऊन जाणार, तिच्याखाली अंडी बसवणार.” पुलोरम गावोगाव फिरतो तो असाच, आठवडी बाजारातून. शिवाय २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यात पुलोरम आणि टायफॉइड दोन्ही यादीत आहेत; पशुसंवर्धन खात्याला कळवणं आलंच. ताई एवढंच म्हणाल्या, “पण खात्री करा साहेब. उगा चांगली कोंबडी मारायची नाही.”

रास्त मागणी होती. थेंबाची चाचणी खोटंही बोलते. काही स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस, ई. कोलाय यांचे काही अंश पुलोरमशी मिळतेजुळते असतात, आणि त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं रंगीत जिवाणूंनाही चिकटतात. त्याहून मोठी भानगड जवळच्या भावकीची. एन्टेरिटिडिस हा साल्मोनेला, जो माणसांत अंड्यांमधून विषबाधा करतो, पुलोरमच्याच डी गटातला. दोघांच्या अंगावरची ९ आणि १२ नंबरची खूण एकच. त्यामुळे या चाचण्यांमध्ये एन्टेरिटिडिसची कोंबडीही पॉझिटिव्ह येते. अर्थात तशी कोंबडीही हॅचरीत ठेवायची नसतेच.

खोट्या पॉझिटिव्हचं गणित एकदा मांडून पाहावं. समजा चाचणी शंभरातले ९० बाधित पकडते आणि शंभरातल्या दोन निरोगींना उगाच दोषी ठरवते. हजार पक्ष्यांच्या कळपात शंभर बाधित असतील तर ९० खरे सापडतील आणि ९०० निरोगींपैकी १८ खोटे. बोट ठेवलेल्या सहा पक्ष्यांतले पाच खरे. त्याच चाचणीने जर दहाच बाधित असलेला कळप तपासला, तर नऊ खरे आणि जवळपास वीस खोटे. चाचणी तीच, बाटली तीच, फक्त कळप बदलला. म्हणून रोगाचं नावनिशाण नसलेल्या फार्मवर एखाद-दुसरा पॉझिटिव्ह आला की घाबरायचं नसतं. पिल्लं मरत असलेल्या फार्मवर मात्र तोच पॉझिटिव्ह गंभीरपणे घ्यायचा.

खात्रीसाठी ४० पक्ष्यांचं सीरम परभणीला गेलं: १७ स्पष्ट, ९ संशयित, आणि साफ निघालेल्यांतले १४ कुठलेही. रक्त सकाळी, खाद्य टाकायच्या आधी घेतलं. अंड्यावरच्या कोंबडीचं सीरम मुळातच दुधाळ असतं, पोटभर खाल्ल्यावर आणखी, आणि नळीच्या चाचणीत गढूळपणाच वाचायचा असतो. नळ्या तिरप्या ठेवून रक्त गोठू दिलं, सीरम सुटल्यावर वेगळं काढलं, मग बर्फ. रक्त तसंच एसटीच्या टपावर परभणीला धाडलं असतं तर पोचेपर्यंत लाल पाणी झालं असतं.

नळीच्या चाचणीत सीरम १:२५, १:५०, १:१०० असं पातळ करत जातात, बिनरंगाचं अँटिजेन घालतात आणि उबेत रात्रभर ठेवतात. दाणे धरले तर ते तळाशी चादरीसारखे पसरतात आणि वरचं पाणी निवळतं. १:५० ला दाणे आले की सर्वसाधारणपणे पॉझिटिव्ह धरतात. अनेक पातळ्या करण्याचं कारण केवळ मोजमाप नाही: प्रतिपिंडं फारच जास्त असली तर दाट सीरममध्ये जाळंच नीट विणलं जात नाही आणि पहिली नळी खोटी निगेटिव्ह दिसते.

निकाल असा आला. स्पष्ट १७ पैकी १४ पक्षी १:५० किंवा वर, दोन १:२५ ला अडकलेले, एक निगेटिव्ह. संशयित नवांपैकी तीन १:५० किंवा वर, दोन १:२५, चार निगेटिव्ह. साफ चौदांपैकी तेरा निगेटिव्ह, एक १:२५.

पुतण्या म्हणाला, म्हणजे शेडमधली चाचणी चुकली. मला तसं वाटत नाही. ४२४ पक्ष्यांत एका सकाळी, खोक्यातल्या बल्बवर, जे वाचलं त्यातलं बहुतेक प्रयोगशाळेने मान्य केलं. खरा पेच १:२५ वाल्या पाच पक्ष्यांचा होता. नियमाच्या कागदावर ते पॉझिटिव्ह नाहीत. पण पुलोरमच्या जुन्या वाहक पक्ष्यांत प्रतिपिंडं कमी पातळीवर रेंगाळतात, हे जुन्या हातांना ठाऊक असतं.

एलायझा इथे उपयोगी पडली असती का? पडली असती, योग्य किट असतं तर. थेंबाची आणि नळीची चाचणी दाण्यांवर चालते, आणि दाणे धरायला आयजीएम नावाची मोठी, अनेक हातांची प्रतिपिंडं सगळ्यांत तरबेज. ती संसर्गानंतर आधी येतात आणि आधी ओसरतात. एलायझा बहुधा नंतर येणारी, जास्त टिकणारी आयजीजी मोजते. त्यामुळे ताज्या बाधेत थेंब पॉझिटिव्ह आणि एलायझा निगेटिव्ह, तर जुन्या वाहकात उलटं, असं होऊ शकतं. मशीन आकडा देतं, माणसाच्या डोळ्यावर काही राहत नाही, एका प्लेटच्या ९६ खळग्यांत ऐंशी-नव्वद नमुने एकदम होतात. मोठ्या ब्रीडर कंपन्या कळपाचा कल पाहायला एलायझा वापरतात ते याच कारणाने.

पण डॉक्टरांनी पुतण्याला एकच प्रश्न विचारायला लावला: किटच्या प्लेटवर काय चिकटवलंय? प्रयोगशाळेकडून उत्तर आलं, जी-एम. म्हणजे शेपटीचं प्रथिन. ते किट एन्टेरिटिडिस पकडण्यासाठी बनवलेलं होतं, आणि त्यासाठी उत्तमच. पुलोरम आणि गॅलिनॅरमला शेपटीच नाही. बाधित कोंबडीच्या रक्तात शेपटीविरुद्धची प्रतिपिंडं येणार कुठून? चाळीसच्या चाळीस नमुने साफ निघाले असते, वर छापील रिपोर्ट, रंगीत आलेख, सही-शिक्का. ‘साल्मोनेला निगेटिव्ह’ असा कागद हातात घेऊन ताईंनी फेब्रुवारीत पुन्हा अंडी लावली असती. या दोघांसाठी एलायझा हवी तर ती जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावरची, डी गटाच्या ९-१२ खुणेवर बेतलेली हवी. किटचं नाव वाचून भागत नाही, आतलं पत्रक वाचावं लागतं. एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीबद्दल विक्रेते इतके गप्प का असतात, हे मला कधी कळलेलं नाही.

एलायझाचा विषय तिथेच मिटला. मग मारायचे किती? डॉक्टरांनी सल्ला दिला, सत्तावीस. स्पष्ट १७, संशयित ९, आणि साफ गटातला तो १:२५ वाला एक. नळीत निगेटिव्ह आलेले पाच पक्षीही त्यात गेले. ताईंना हे पटायला वेळ लागला, आणि साहजिक आहे. पण हॅचरीच्या कळपात दोन चुकांची किंमत सारखी नसते. निरोगी कोंबडी गेली तर एक कोंबडी गेली. वाहक राहिली तर तिचं एखादं अंडं मशीनमध्ये फुटतं, हॅचरमध्ये पिल्लांच्या लवेबरोबर जिवाणू उडतो आणि त्या ट्रेमधली शेजारची पिल्लं पहिल्याच श्वासात तो घेतात. अंडी विकण्यापुरत्या लेयरच्या फार्मवर मी हाच सल्ला इतक्या सहज दिला नसता. तिथे संशयितांना बाजूला ठेवून तीन आठवड्यांनी पुन्हा टोचून पाहणं चालतं.

मारलेल्यांपैकी सात पक्षी उघडून अंडाशय, यकृत आणि प्लीहा कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवून पाहायला, दिले. १:५० च्या वरचे चार, १:२५ चे दोन, आणि थेंबात संशयित पण नळीत निगेटिव्ह असा एक. चारांपैकी तिघांत पुलोरम वाढला. चौथीत वाढला नाही. जिवाणू थोडे असतात, नेमक्या त्या तुकड्यात नसले तर कल्चर कोरं येतं, त्याने पक्षी निर्दोष ठरत नाही. संशयित पक्ष्यात काही वाढलं नाही. आणि १:२५ च्या दोघींपैकी एकीत वाढला. तिचं पोट उघडलं तेव्हाच अंदाज आला होता: निरोगी अंडाशयात लहानमोठे पिवळेजर्द बलक घोसाने असतात, हिच्यात मधले काही आक्रसलेले, वेडेवाकडे, हिरवट-तपकिरी, एक तर देठाला लोंबणारी घट्ट गाठ. बाहेरून हीच कोंबडी कळपात सगळ्यांत देखणी होती, असं ताईंच्या सासूबाई म्हणाल्या. बाकीचे पक्षी चुना टाकून खोल पुरले.

औषधाचा विषय निघणारच होता. डिसेंबरमध्ये मोठ्या पक्ष्यांना दुकानदाराने दिलेली पावडर पाण्यातून दिली होती. महिना उलटून गेला होता म्हणून चाचणीला हरकत नव्हती. औषध चालू असताना रक्त घेतलं तर प्रतिपिंडं दबलेली असू शकतात आणि कल्चर हमखास फसतं. पिल्लांची मरतुक औषधाने कमी होते हे खरं. पण वाचलेलं पिल्लू वाहक होतं, म्हणजे औषध देऊन पुढच्या वर्षीचा रोग पोसायचा. ताईंच्या फडताळात कोलिस्टिनची जुनी पुडीही निघाली. खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत कोलिस्टिनवर २०१९ पासून बंदी आहे. ती पुडी डॉक्टर घेऊन गेले.

शेजारच्या वस्तीवर एका लेयर फार्मवाल्याला हे सगळं ऐकून धास्ती बसली. त्याने स्वतःच अँटिजेन मागवून आपल्या कोंबड्यांना टोचलं, आणि दर दहांत एक-दोन पॉझिटिव्ह आले. चौकशी केल्यावर कळलं, त्याने टायफॉइडसाठी नाइन-आर ही जिवंत लस दिलेली होती. ही लस १९५६ पासूनची, गॅलिनॅरमच्याच एका ‘रफ’ वाणाची, जिच्या आवरणावर ती ९-१२ ची खूण नसते. कागदोपत्री तिने थेंबाची चाचणी बिघडायला नको. पण लस दिलेले काही पक्षी काही काळ प्रतिक्रिया देतात. त्याच्या फार्मवर ना मरतुक, ना अंड्यांत घट, ना उबवणी. लसीची तारीख लिहून ठेवा आणि गप्प बसा, एवढाच सल्ला त्याला मिळाला.

ताईंनी विचारलं, याच बाटलीत खोकल्याचा, सीआरडीचा, रोगही कळतो का. नाही. त्यासाठी मायकोप्लाझ्माचं, म्हणजे त्या रोगाच्या जिवाणूचं, वेगळं रंगीत अँटिजेन लागतं, आणि तिथे रक्ताऐवजी सीरमचा थेंब घेतात. तीही चाचणी आठवड्याभरात पॉझिटिव्ह होणारी, म्हणून लवकर सावध करणारी. पण तेलातली मारलेली लस नुकतीच दिली असेल तर ती उगाचच पॉझिटिव्ह येते. तिथे सीरम ५६ अंशांवर अर्धा तास तापवून, पातळ करून पुन्हा पाहतात, आणि अडलंच तर एचआय नावाची, सीरम पातळ करत जाऊन करायची दुसरी चाचणी लावतात; तीत १:८० ला पॉझिटिव्ह आणि १:४० ला संशयित धरतात. मानमोडीची तेलातली लस टोचायच्या आधी मायकोप्लाझ्माचं रक्त काढून घ्या, म्हणजे पुढची उठाठेव वाचते.

फेब्रुवारीभर मशीन बंद. ट्रे, भिंती, पंखे धुऊन वाळवले, मग दार बंद करून फॉर्मेलिन आणि पोटॅशियम परमँगनेटची धुरी. तीन गावांतल्या बायांना ताईंनी स्वतः जाऊन सांगितलं की वाचलेली पिल्लं वाढवा, खा, पण त्यांची अंडी उबवायला बसवू नका. पिल्लांचे पैसेही परत केले. दिरांना ते फार लागलं.

महिन्याने उरलेल्या ३९७ पक्ष्यांचं रक्त पुन्हा तपासलं. पाच नवे पॉझिटिव्ह, त्यांतले चार एकाच शेडमधले, पाण्याच्या एकाच रांगेवरचे. पहिल्या वेळी ते बाधित नव्हते, की होते पण प्रतिपिंडं अजून चढली नव्हती, हे रक्तावरून सांगता येत नाही. कुठलीही चाचणी त्या दिवशीचं रक्त वाचते. नुकताच बाधित झालेला पक्षी तिच्या नजरेतून सुटतोच. म्हणूनच पुलोरममध्ये निदान २१ दिवसांच्या अंतराने लागोपाठ दोन वेळा अख्खा कळप साफ निघाला तरच तो साफ धरायचा, अशी पद्धत आहे. महागडी चाचणी एकदा करण्यापेक्षा स्वस्त चाचणी चारदा केलेली बरी, असं माझं मत आहे, आणि या कळपाने ते खोडून काढलं नाही.

तिसऱ्या खेपेला ३९२ पक्षी, पॉझिटिव्ह शून्य. तेव्हा एप्रिल लागला होता, टाइल सावलीत ठेवावी लागली आणि थेंब वाळू नये म्हणून एका वेळी चारच चौकोन भरले. चौथ्या खेपेलाही शून्य. त्यानंतर अंडी मशीनला लागली, आधी थोडी. त्या हॅचमधली दगावलेली पिल्लं आणि कवचात मेलेली अंडी परभणीला कल्चरसाठी गेली. त्यांत पुलोरम नव्हता. आता फक्त कोंबड्यांची भर घालायची राहिली आहे. ती बाजारातून नको, आणि जिथून आणतील तिथल्या पक्ष्यांचं रक्त आणण्याआधी एकदा आणि वेगळं ठेवून तीन आठवड्यांनी एकदा, असं डॉक्टरांनी वहीत लिहून दिलं आहे. अँटिजेनच्या नव्या बाटलीची मुदत त्याच पानावर खाली आहे.